नायजर डेल्टा: बंदुका खाली आल्या, पण गळती कोण मोजणार?

खाजणकर (धागाकर्ते)

परवा पेट्रोलच्या दरांवरच्या धाग्यात कोणीतरी लिहून गेलं की नायजेरियाने २००९ मध्ये बंडखोरांना माफी दिली, महिन्याला पैसे सुरू केले आणि प्रश्न मिटला. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. नोकरीच्या निमित्ताने पोर्ट हारकोर्ट या तिथल्या तेलाच्या मुख्य शहराच्या परिसरात मी काही वर्षं काढली आहेत. तिथल्या माणसांविषयी मला मनापासून वाटतं, त्यामुळे "प्रश्न मिटला" वाचून गप्प बसवेना.

नायजर नदी समुद्राला मिळण्याआधी असंख्य फाट्यांनी पसरते, तोच नायजर डेल्टा. आफ्रिकेतलं सर्वांत मोठं खारफुटीचं जंगल इथे आहे. इजॉ, ओगोनी, इत्सेकिरी, उर्होबो, इबिबियो असे कितीतरी समाज पिढ्यानपिढ्या इथल्या खाड्यांवर जगत आले. कोकणातल्या माणसाला तो मुलूख परका वाटतच नाही. ओहोटीला उघडी पडणारी खाजणं, चिखलात उड्या मारणारे निवटे, गुडघाभर गाळात उतरून शंख-शिंपल्या वेचणाऱ्या बायका, सगळं तेच. पण तिथे काही खाड्यांच्या काठाला चिखलात काठी खुपसली की भोकातून पाण्याआधी इंद्रधनुषी तवंग वर येतो, आणि खारफुटीची मुळं डांबरात बुचकळून काढल्यासारखी काळी असतात.

१९५६ साली ओलोइबिरी या गावी (आजच्या बायेल्सा राज्यात) शेल-बीपीला विकण्याजोगं तेल सापडलं आणि १९५८ मध्ये निर्यात सुरू झाली. देश १९६० मध्ये स्वतंत्र झाला. त्या वेळच्या घटनेत खनिज उत्पन्नाचा ५० टक्के वाटा ज्या प्रांतातून ते निघतं त्याला मिळत असे. तेलाचा पैसा वाढत गेला आणि लष्करी राजवटींनी हा वाटा कापत आणला. ऐंशीच्या दशकात तो दीड टक्क्याच्या आसपास होता. आजचा किमान १३ टक्क्यांचा आकडा १९९९ च्या घटनेतला. मधल्या काळात १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने जमिनीखालचं सगळं तेल केंद्राचं झालं आणि १९७८ च्या जमीन कायद्याने वरची जमीन राज्य सरकारच्या ताब्यात गेली. त्यामुळे शेतातून पाइपलाइन गेली तर शेतकऱ्याला उभ्या पिकाची, झाडांची, घराची भरपाई मिळते. जमिनीची मिळत नाही.

याविरुद्ध लोक आधी शांतपणेच बोलले. ओगोनींनी १९९० मध्ये आपला हक्कनामा मांडला. ४ जानेवारी १९९३ ला सुमारे तीन लाख लोक रस्त्यावर उतरले, आणि ओगोनींची एकूण संख्याच तेव्हा पाच लाखांच्या आसपास होती. त्याच वर्षी शेलने ओगोनी भागातून काम आवरलं. पुढे सानी अबाचाच्या लष्करी राजवटीने लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांवर खुनाच्या आरोपाखाली विशेष न्यायाधिकरणात खटला चालवला आणि १० नोव्हेंबर १९९५ ला पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. निवेदन, मोर्चा, हक्कनामा या मार्गाने गेलेल्यांचं काय होतं, हे डेल्टातल्या तरुणांनी त्या दिवशी पाहिलं.

दहा वर्षांनी 'मेंड' नावाची सशस्त्र संघटना उभी राहिली. पाइपलाइन उडवणं, परदेशी कामगार पळवणं, जून २००८ मध्ये किनाऱ्यापासून १२० किलोमीटरवरच्या बोंगा तेलक्षेत्रावर हल्ला. उत्पादन इतकं घसरलं की २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष यारअदुआंनी माफी जाहीर केली. ४ ऑक्टोबरपर्यंत शस्त्रं द्या, महिन्याला ६५,००० नायरा घ्या (तेव्हाच्या दराने सव्वाचारशे डॉलरच्या आसपास), वर प्रशिक्षण. यादी पुढे तीस हजारांपर्यंत गेली. वेल्डिंगपासून वैमानिकाच्या शिक्षणापर्यंत मुलं देशोदेशी पाठवली गेली. तेल पुन्हा दिवसाला वीस लाख पिंपांच्या वर गेलं.

माफीने जीव वाचले हे मी नाकारत नाही. पण यादीत नाव यायला हातात बंदूक असावी लागत होती. जिची खाडी मेली ती बाई, ज्याचं मत्स्यतळं तेलाने भरलं तो म्हातारा, यांच्यासाठी त्या योजनेत एक रकाना नव्हता. सरकारला तेल चालू हवं होतं, ते झालं, आणि मूळ तक्रार जिथल्या तिथे राहिली. म्हणून मला इथे चर्चा हवी आहे ती अशी: तेल निघतं त्या गावात शांतता टिकायची असेल तर नेमकं काय बदलावं लागतं?

सागरवाट

टँकरवर आहे. बॉनी आणि फोर्काडोस या डेल्टातल्या दोन्ही तेल निर्यात बंदरांत गेलोय, म्हणून लिहितो.

आमच्यासाठी तो भाग म्हणजे रेलिंगभर काटेरी तारा, रात्री डेकवरचे दिवे बंद, आणि धोका वाटला की सगळ्यांनी इंजिनरूमजवळच्या बंदिस्त खोलीत जमायचं. डिसेंबर २०१९ मध्ये बॉनीजवळ 'नेव्ह कॉन्स्टेलेशन' या टँकरवरून १९ जणांना पळवलं, त्यातले १८ भारतीय होते. सुटेपर्यंत त्यांच्या घरच्यांनी काय भोगलं असेल ते या पेशातल्या घरांना विचारा. २०२० मध्ये जगभरात जहाजांवरून १३५ जण पळवले गेले, त्यातले १३० एकट्या गिनीच्या आखातात.

हे करणारी मुलं त्याच खाड्यांमधली. २००९ ची माफी घेऊन बसलेल्यांची धाकटी भावंडं म्हणा ना. नौदलाच्या गस्ती वाढल्या, नायजेरियाने २०२१ मध्ये नवीन बोटी-विमानं आणली, तेव्हा कुठे प्रमाण खाली आलं. खाजणकर, तुमची कळकळ समजते. पण बंदूक धरणाऱ्याला पैसे दिले की पुढचा बंदूक धरणारच. गस्त हवी, आणि ती कडक हवी.

वैदेही_क

खूप माहिती मिळाली. एक बाळबोध प्रश्न. १३ टक्के का होईना, राज्यांना मिळतात ना? ती रक्कम काही थोडीथोडकी नसेल. मग रस्ते, दवाखाने, पाणी का नाही? केंद्राला आणि कंपनीला बोलतोय आपण, पण मधलं घर कोणाचं?

खाजणकर (धागाकर्ते)

वैदेहीताई, प्रश्न अगदी वर्मावर आहे.

मधलं घर पोखरलेलंच आहे. बायेल्साचे गव्हर्नर अलामियेसेइघा यांना २००५ मध्ये लंडनला पैशांच्या अफरातफरीच्या प्रकरणात अटक झाली, ते तिथून निसटून परत आले, मायदेशी २००७ मध्ये दोषी ठरले आणि २०१३ मध्ये त्यांना माफी मिळाली. डेल्टा राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी यांना २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने १३ वर्षांची शिक्षा दिली. खास या भागासाठी २००० साली स्थापन झालेल्या विकास आयोगाचं (एनडीडीसी) न्यायवैद्यक लेखापरीक्षण झालं, अहवाल २०२१ मध्ये सादर झाला. २००१ ते २०१९ या काळात सहा लाख कोटी नायरांच्या घरात मंजुरी, तेरा हजारांवर कामं घोटाळ्यात किंवा अर्धवट, आणि आयोगाची बँक खाती ३६२! खांब रोवलेत पण तार नाही, इमारत आहे पण डॉक्टर नाही, अशी कामं मी स्वतः येता-जाता पाहिली आहेत. टाकी असते, तिच्यावर उद्‌घाटनाची पाटी असते, नळाला पाणी नसतं.

सागरवाट, गस्तीला माझा विरोध नाही. तुमच्या लोकांचा जीव मोलाचा आहे. पण "पुढचा बंदूक धरणारच" हे तुम्ही जे लिहिलंत तेच २०१६ मध्ये घडलं. तेलाचे दर पडले, नवीन सरकारने माफी योजनेचा निधी कापला, आणि 'नायजर डेल्टा अ‍ॅव्हेंजर्स' नावाचा गट उगवला. फेब्रुवारीत त्यांनी फोर्काडोसची समुद्राखालची निर्यात वाहिनी फोडली. पाण्याखाली! उत्पादन काही महिन्यांत १४ लाख पिंपांच्या आसपास आलं. तेव्हा एडविन क्लार्कसारखे डेल्टातले ज्येष्ठ नेते पुढे आले, १६ मागण्यांचं निवेदन राष्ट्राध्यक्षांना दिलं, आणि हल्ले थांबले. निम्म्याहून जास्त मागण्या रस्ते, सफाई, विद्यापीठ, वीज, कंपन्यांची मुख्यालयं डेल्टात आणणं अशा होत्या.

अ‍ॅड_रेवा

नुकसानभरपाईचे दावे हा माझा रोजचा विषय, त्यामुळे शेलवरचे खटले मी बारकाईने वाचत आले आहे. खाजणकरांच्या शीर्षकातला प्रश्नच माझ्या मते सगळ्याचं मूळ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पाइपलाइन गळली की तिथे 'संयुक्त पाहणी' होते. कंपनीची माणसं, सरकारी नियामक आणि गावाचे प्रतिनिधी जागेवर जातात आणि एक फॉर्म भरतात. गळती कधी सुरू झाली, किती पिंपं सांडली, किती क्षेत्र भिजलं, आणि कारण काय. त्या शेवटच्या रकान्यात 'उपकरणातील बिघाड' लिहिलं गेलं तर भरपाई. 'त्रयस्थाची तोडफोड' लिहिलं गेलं तर भरपाई नाही. एका शब्दावर अख्ख्या गावाचं पुढचं आयुष्य. आता हे पाहा की पाहणीची तारीख बहुतेक वेळा कंपनी ठरवते, बोट तिची, तंत्रज्ञ तिचे, पाइप कापून तपासायचा तर तोही तीच कापणार. नियामकाकडे ना बोट असते ना प्रयोगशाळा. गावाचा माणूस काठावर उभा राहून पाहतो आणि सही करतो. नाही केली तर काम अडवलं म्हणून ठपका.

बोडो गावाचं उदाहरण घ्या. ओगोनी भागातून शेलने तेल काढणं थांबवलं होतं तरी दुसरीकडचं तेल वाहून नेणारी मुख्य वाहिनी बोडोच्या खाडीतून जातच होती. २००८ मध्ये ती फुटली. गावकरी म्हणत २८ ऑगस्टला, कंपनीच्या कागदावर ५ ऑक्टोबर. बंद झाली ७ नोव्हेंबरला. कंपनीच्या हिशेबाने एकूण सांडलं १,६४० पिंपं. पण कोणीतरी त्या गळतीचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. अ‍ॅक्युफॅक्ट्स या अमेरिकी तज्ज्ञ संस्थेने ते पाहून अंदाज काढला की दिवसाला १,४४० ते ४,३२० पिंपं जात असावीत. म्हणजे कंपनी जो आकडा सगळ्या गळतीचा सांगत होती, तेवढं तेल कदाचित एका दिवसात गेलं. त्याच डिसेंबरमध्ये तीच वाहिनी पुन्हा फुटली आणि फेब्रुवारीपर्यंत वाहत राहिली. गावाला आधी मदत म्हणून देऊ केले ते तांदूळ-बीन्सच्या पोत्यांसारखे जिन्नस.

गाव लंडनच्या कोर्टात गेलं. त्या खटल्यात कागद बाहेर आले आणि २०१४ मध्ये कंपनीला मान्य करावं लागलं की बोडोचे आकडे कमी लिहिले गेले होते. जानेवारी २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली, साडेतीन कोटी १५,६०० लोकांना वाटून (माणशी २,२०० पौंडांच्या आसपास) आणि दोन कोटी गावाला.

दुसरा खटला हेगचा. २००४ ते २००७ मधल्या गळत्यांसाठी चार शेतकरी २००८ मध्ये डच कोर्टात गेले. निकाल जानेवारी २०२१ चा, तेरा वर्षांनी. गोई गावच्या फिर्यादीचा मृत्यू खटला चालू असतानाच झाला, पुढे मुलाने तो चालवला. पण निकाल मोलाचा आहे. गोई आणि ओरुमा या गावांच्या बाबतीत कोर्टाने सांगितलं की तोडफोड झाली असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते निःसंशय सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, आणि तिला ते जमलेलं नाही. शिवाय ओरुमाच्या वाहिनीवर गळतीशोधक यंत्रणा बसवायचा आदेश दिला. अर्थात हे सगळं न्याय मागणाऱ्याला युरोपात जाऊन मिळालं. पोर्ट हारकोर्टच्या कोर्टात मिळायला हवं होतं.

दत्ता_घाटगे

वाचतोय. पण एक विचारू का? तेलचोरी प्रचंड आहे हे तर खरं ना? वाहिनीला भोक पाडून गावचेच लोक तेल काढतात, जंगलात भट्ट्या लावतात. मग प्रत्येक गळतीचं खापर कंपनीवर कसं फोडायचं? आणि चोराच्या गावाला भरपाई का द्यायची?

खाजणकर (धागाकर्ते)

दत्ताभाऊ, तेलचोरी खरी आहे आणि भयंकर आहे. त्याला तिथे 'क्पो-फायर' म्हणतात. खाडीच्या आत, खारफुटी तोडून केलेल्या मोकळ्या जागेत लोखंडी टाक्या किंवा पिंपं असतात, खाली उघडी आग. पिंपातून निघालेला पाइप पाण्याच्या हौदातून नेतात, वाफ गार होऊन पलीकडे डिझेल-रॉकेल ठिबकतं. दारूभट्टीचं तंत्र म्हणा. उरलेला डांबरासारखा गाळ सरळ खाडीत. कामाला पोरं अनवाणी, अंगभर काळी. २०१६ नंतर पोर्ट हारकोर्टमध्ये अशी काजळी पडायला लागली की सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवलं की काळं होई, दोरीवरचे पांढरे कपडे करडे होत, लहान मुलांच्या नाकपुड्यांच्या कडा काळ्या. एप्रिल २०२२ मध्ये इमो राज्यातल्या अशाच एका भट्टीवर स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसं जळून मेली.

पण हा धंदा निव्वळ गावच्या पोरांचा नाही. समुद्रापर्यंत चोरवाहिन्या टाकून जहाजं भरायला भांडवल लागतं, वरचा हात लागतो. २०२२ मध्ये फोर्काडोसच्या वाहिनीपासून समुद्रात जाणारी चार किलोमीटर लांबीची चोरवाहिनी उघडकीला आली. ती वर्षानुवर्षं कोणाच्याच लक्षात आली नसेल यावर तिथलं कोणी विश्वास ठेवत नाही. भट्टीवरचा पोरगा तेवढा पकडला जातो.

आणि भरपाईचं. चोरी करणारे दहा-वीस, खाडीवर जगणारे हजारो. त्या हजारांच्या जाळ्यात मासा येत नाही तो चोरीमुळे की गंजलेल्या पाइपमुळे, हे शोधायला प्रामाणिक पाहणी लागते, आणि रेवाताईंनी वर लिहिलंय तेच पुन्हा समोर येतं.

मृण्मयी

माती-भूजल प्रदूषणावर काम करते. २०११ चा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ओगोनी अहवाल आमच्याकडे नव्या लोकांना आवर्जून वाचायला देतो. दोनशेहून अधिक ठिकाणं, चार हजारांवर नमुने, गावसभांना तेवीस हजार लोक. लोकांना सामील करून घेतलेला शास्त्रीय अभ्यास कसा असतो याचा तो धडा आहे.

त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

न्सिसिओकेन-ओगाले इथल्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. भूजलावर तरंगणारा शुद्धीकृत तेलाचा थर आठ सेंटीमीटर जाड होता. बेंझीनने कर्करोग होतो याबद्दल वाद नाही. लोकांना पाण्याला वास येतो हे कळत होतं, दुसरं पाणी नव्हतं म्हणून पीत होते.

एजामा-एबुबू इथे नायजेरियातल्या यादवी युद्धाच्या (१९६७-७०) काळातली गळती, चाळीस वर्षांनंतरही माती भरलेली. तेल आपोआप विरून जातं असं म्हणणाऱ्यांनी ही जागा पाहावी.

तिसरी तांत्रिक आहे पण फार महत्त्वाची. कंपनीची सफाईची पद्धत म्हणजे वरची माती नांगरून उन्हा-वाऱ्यावर सोडायची, जंतू तेल खातील. पण ४९ ठिकाणी तेल निदान पाच मीटर खोल गेलेलं आढळलं. वर नांगर फिरवून पाच मीटर खालचं तेल कसं निघणार? तरीही अशा काही जागांच्या फाइलवर 'सफाई पूर्ण' असा शिक्का होता.

अहवालाने म्हटलं की पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, पहिल्या पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलरचा निधी उभारा, आणि सगळ्यात आधी पिण्याचं पाणी द्या. सफाईचा औपचारिक आरंभ झाला जून २०१६ मध्ये. अहवालानंतर पाच वर्षांनी. काही गावांना नळाचं पाणी पोहोचायला आणखी बरीच वर्षं गेली. 'तातडीची उपाययोजना' या शीर्षकाखालची गोष्ट होती ती.

काही जमलेलंही सांगायला हवं. बोडोत तडजोडीबरोबर मध्यस्थांच्या देखरेखीखाली खाडीची सफाई झाली. स्थानिक तरुणांना शिकवून कामाला लावलं. ओहोटीला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने ढवळायचा, वर आलेलं तेल गोळा करायचं, पुन्हा ढवळायचं, आणि मग खारफुटीची रोपं. खारफुटी लावणं म्हणजे निव्वळ रोप खोचणं नाही, भरती-ओहोटीचं पाणी नीट फिरलं पाहिजे, नाहीतर मेलेल्या खारफुटीच्या जागी निपा नावाचा परका ताड घुसतो आणि त्याच्या मुळांत ना शिंपली राहते ना खेकडा. गावाने ही रोपं जपली कारण काम गावाचं होतं.

वैदेही_क

मृण्मयी, फार छान समजावलंस.

मी शोधता शोधता डेल्टातल्या एस्क्राव्होसच्या २००२ मधल्या आंदोलनावर आले आणि कोणीच उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. उग्बोरोडो गाव आणि परिसरातल्या सहाशेच्या आसपास बायकांनी, त्यात आज्यासुद्धा, शेव्हरॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या तिथल्या निर्यात केंद्राचा ताबा घेतला. धावपट्टी, धक्का, सगळं अडवलं. हातात काही नाही. अडवायला आलात तर आम्ही कपडे उतरवू एवढीच धमकी, आणि आईच्या वयाच्या बायकांनी असं करणं म्हणजे समोरच्याला सर्वांत मोठा शाप. दहाएक दिवसांत कंपनीला बसून बोलावं लागलं. मुलांना नोकऱ्या, शाळा, वीज, पाणी असं लिहून घेतलं त्यांनी. यातल्या एकीचंही नाव सात वर्षांनंतरच्या माफीच्या लाभार्थ्यांत येण्याचं कारण नव्हतं, कारण त्यांनी बंदूक उचललीच नव्हती. हे मला फार लागलं.

सागरवाट

वैदेहीताई, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

खाजणकर, माझा मुद्दा मी सोडत नाही, पण पुढे नेतो. आता तर माजी बंडखोरांच्याच कंपनीला पाइपलाइन राखायचं कंत्राट दिलंय म्हणे. ते टिकेल?

खाजणकर (धागाकर्ते)

हो, २०२२ मध्ये. मेंडचे एक मोठे सेनानी टॉम्पोलो यांच्याशी संबंधित तांतिता कंपनीला. त्या ऑगस्टमध्ये देशाचं उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्याही खाली गेलं होतं. ती चोरवाहिनी उघडकीला आणली ती याच लोकांनी, आणि उत्पादन नंतर वर आलं हे खरं. खाड्या त्यांच्याइतक्या कोणाला माहीत? पण वाहिनीची सुरक्षा एका माणसाच्या शब्दावर आणि दर नूतनीकरणाच्या वाटाघाटीवर टांगलेली राहते. ज्याला कंत्राट मिळालं नाही तो शेजारचा गट काय करेल याची धास्ती गावागावांत आहे. माझ्या मते ही २००९ चीच वाट आहे, मोठ्या रकमेची.

मला आशा वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींकडून.

एक २०२१ चा पेट्रोलियम उद्योग कायदा. कंपनीने मागल्या वर्षीच्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम यजमान गावांच्या विश्वस्त निधीत भरायची. लोकांनी १० टक्के मागितले होते. पण त्यातही एक मेख आहे. तोडफोड झाली तर दुरुस्तीचा खर्च त्याच निधीतून कापायचा. म्हणजे बाहेरच्या टोळीने रात्री वाहिनी फोडली तर शाळेच्या छपराचे पैसे गेले. गाव पहारा देईल असा हिशेब असावा. पण नि:शस्त्र गावाने बंदूकधारी टोळीला अडवायचं कसं? हे कलम काढल्याशिवाय तो निधी गावाला आपला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट मी जवळून पाहिली. पोर्ट हारकोर्टजवळ इलेमेचा पेट्रोरसायन कारखाना २००६ मध्ये इंडोरामाने सरकारकडून घेतला, मूळ भारतीय माणसांचा उद्योग, त्यामुळे आपली मराठी मंडळीही त्या भागात दिसतात. तिथे यजमान गावांकडे ७.५ टक्के भागभांडवल आहे. गावचे लोक नोकऱ्यांवरून कारखान्याच्या फाटकावर येतात, निदर्शनं होतात, लाभांश गावात कसा वाटला यावरून आपसांत भांडणंही होतात. पण ती भांडणं हिशेबाची आहेत. ताळेबंद मागायचा हक्क असलेला माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. हे मी तिथल्या चहाच्या टपरीसारख्या छोट्या हॉटेलांत बसून ऐकलंय, एरवी परक्यासमोर गप्प बसणारी मंडळी लाभांशाच्या टक्क्यावर तावातावाने बोलत होती.

दत्ता_घाटगे

हे पटलं. पण शेल तर आता विकून बाहेर पडली ना? मग जुनी घाण कोणाच्या नावावर?

अ‍ॅड_रेवा

दत्ताभाऊ, नेमकं हेच आता कोर्टात आहे.

शेलने डेल्टातला जमिनीवरचा धंदा 'रेनेसान्स' या मुख्यतः नायजेरियन कंपन्यांच्या गटाला विकला. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, मार्च २०२५ मध्ये पूर्ण झालं. समुद्रातले खोल पाण्यातले साठे शेलने स्वतःकडे ठेवले, जिथे गाव नाही आणि संयुक्त पाहणीला येणारा सरपंच नाही. गावांची भीती अशी की साठ-सत्तर वर्षांची जबाबदारी तुलनेने छोट्या खिशाच्या कंपनीवर ढकलली गेली. मे २०२३ मध्ये यॉर्कचे माजी आर्चबिशप जॉन सेंटामू यांच्या आयोगाने फक्त बायेल्सा राज्याच्या सफाईला बारा वर्षांत १२ अब्ज डॉलर लागतील असं म्हटलंय. यावरून खिसा किती खोल लागेल ते लक्षात येईल.

ओगाले आणि बिले या दोन गावांचा खटला लंडनमध्ये चालू आहे. ओगाले म्हणजे मृण्मयीने लिहिलेलं बेंझीनच्या विहिरींचं गाव. ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की नायजेरियातल्या उपकंपनीबरोबर शेलच्या मूळ कंपनीवरही हा दावा चालू शकतो. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने प्राथमिक मुद्द्यांवर निकाल दिला, आणि जुन्या, साफ न केलेल्या प्रदूषणासाठीही कंपनीला जाब विचारता येईल ही वाट मोकळी ठेवली.

सागरवाट

आणि ओगोनीत पुन्हा तेल काढायचं चाललंय, तेही वाचलं.

खाजणकर (धागाकर्ते)

चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी ओगोनी प्रतिनिधींना राजधानी अबुजाला बोलावून बोलणी सुरू केली. १२ जूनला त्यांनी सारो-विवा आणि आठ जणांना मरणोत्तर माफी आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केले. अनेक ओगोनींचं म्हणणं असं की माफी दोषी माणसाला देतात, आम्हाला निर्दोष मुक्तता हवी, तो निकालच रद्द व्हायला हवा. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं. ज्या खटल्याला साऱ्या जगाने अन्याय म्हटलं, ज्यामुळे राष्ट्रकुलाने देशाला निलंबित केलं, तो निकाल कागदावर तसाच ठेवून त्याच जमिनीत पुन्हा विहिरी खोदायला कशा मागता येतील?

सागरवाट, तुम्ही पहिल्या प्रतिसादात गस्त मागितली होती. मी ओगोनीत तेल काढण्याआधी काय मागेन ते सांगतो. ओगालेसकट प्रत्येक गावात आधी चालू नळ. संयुक्त पाहणीत गावाने नेमलेला तज्ज्ञ, ज्याची फी निधीतून जाईल आणि ज्याच्या सहीशिवाय फॉर्म पुरा होणार नाही. वाहिनीवरच्या दाबाची नोंद गावाच्या कार्यालयात त्याच वेळी दिसली पाहिजे, म्हणजे गळती २८ ऑगस्टला सुरू झाली की ५ ऑक्टोबरला यावर लंडनला जाऊन भांडावं लागणार नाही. भागभांडवल इलेमेसारखं, आणि विश्वस्तांत बायका निम्म्या. तोडफोडीच्या वजावटीचं कलम रद्द. एवढं करून लोकांनी नाही म्हटलं तर तेल जमिनीतच राहू द्यावं, तो हक्कही त्यांचाच.

मृण्मयी

दाबाच्या नोंदीला जोडून: भूजलाच्या निरीक्षण विहिरींचे आकडेही तिमाहीला गावसभेत वाचून दाखवावेत. पाहणी एकदाच होते, पाणी रोज प्यायलं जातं.

अ‍ॅड_रेवा

ओगाले-बिले खटल्याची मुख्य सुनावणी मार्च २०२७ मध्ये ठरली आहे. मधल्या काळात काही आदेश आले तर याच धाग्यावर टाकत जाईन. नवीन धागा काढू नका कोणी, सगळं एका जागी राहू दे.